मोहोरावरचा डिफेन्समन: सौदा पारखायचा कसा, भांडायचं कसं

हे लिहायचं निमित्त मास्तर. डिसेंबर २०२५ मध्ये एनएचएल या तिकडच्या बर्फावरच्या हॉकीच्या लीगमधल्या व्हँकूव्हरने आपला क्विन ह्यूज मिनेसोटाला देऊन टाकला आणि तेव्हापासून हर्णै बंदरातली आमची पहाटेची बैठक धड चालेना. मास्तरांची लेक व्हँकूव्हरजवळ दिलेली, म्हणून तो संघ म्हणजे त्यांना व्याह्यांचं घर. ‘व्याह्यांनी दुभती म्हैस विकली नि तीन रेडकं आणली, वर एका न जन्मलेल्या रेडकाची चिठ्ठी’ असं ते येईल त्याला सांगतात. तीन रेडकं म्हणजे झीव बुइयम, मार्को रॉसी आणि लियाम ओग्रेन. चिठ्ठी म्हणजे मिनेसोटाची २०२६ च्या ड्राफ्टमधली पहिल्या फेरीतली निवड; ड्राफ्टमध्ये संघ दरवर्षी नवी पोरं पाळीपाळीने निवडून त्यांच्याशी करार करायचा हक्क घेतात. रॉसीला रेडकू म्हणणं अन्यायाचं आहे, तो चांगला दात आलेला आहे. पण मास्तरांना मध्येच कोण थांबवणार.

खरं भांडण बुइयमवरून. वय जेमतेम वीस, २०२४ च्या ड्राफ्टमध्ये बारावा, डेन्व्हर विद्यापीठाकडून खेळलेला डिफेन्समन, म्हणजे मागे खेळणारा बचावपटू. हा पोर पुढे कोण होणार, हे सांगायचा अधिकार आमच्या बंदरात सगळ्यांना आहे.

आम्ही चौघं. बर्फ कारखान्यात रात्रपाळी करणारा एक, त्याला आम्ही बर्फवालाच म्हणतो, मास्तर, माझा भाचा, जो दापोलीत मोबाइल दुरुस्त करतो, आणि मी. मी जहाजावर फिटर होतो, आता आंजर्ल्याला कलमं सांभाळतो. हिवाळ्यात आमचं जहाज मॉन्ट्रियलला लागायचं तेव्हा बंदरावरच्या खलाशांच्या क्लबात टीव्हीवर हा खेळ पाहिला आणि मॉन्ट्रियलचा संघ गळ्यात पडला. १९९३ नंतर त्यांनी कप, म्हणजे लीगचा स्टॅन्ली कप, उचललेला नाही, तेव्हा मला जरा सांभाळून घ्या. तिकडच्या पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी सातचा सामना थंडीत आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागतो. तोवर होड्यांचा बर्फ भरून झालेला असतो, लाद्या फोडायचं मशीन थांबलेलं असतं, मोबाइल टेकवायला एक फळी मिळते. बर्फ कारखान्यात बसून बर्फावरची हॉकी बघता काय रे, हा विनोद दर आठवड्याला कुणीतरी नव्याने करतो. आम्ही हसतो.

तर अशा सौद्यावर वाद घालायची एक रीत आहे. ती मी पैजा हरून शिकलो, म्हणून पुढचं सगळं जरा हात राखून वाचा.

घाई कोणाला आहे?

वाद सुरू झाला की पहिला प्रश्न हा टाकायचा. मुलगा कसा आहे, हा प्रश्न सगळ्यांच्या जिभेवर असतो. तो मागे ढकला.

बागायतदाराला हे समजवावं लागत नाही. पौषात मोहोर बघून व्यापारी येतो आणि बाग मक्त्याने मागतो. तो भाव मोहोराचा करतो, आंबा कुठे असतो तेव्हा? पुढे तुडतुडे आले, फुलकिडे आले, मार्चात अवकाळी झाला, सुपारीएवढी कैरी धरून गळली, तर ते त्याच्या नशिबी. माझ्या हातात मात्र आज रोख येते. घरात लग्न असेल तर मोहोरावर बाग देणारा माणूस मूर्ख ठरत नाही, आणि पेटीपेटीला भाव घेईन म्हणून थांबणाराही शहाणा ठरतोच असं नाही.

डिफेन्समन हा तर सगळ्यात उशिरा धरणारा मोहोर. पुढे खेळणारा पोरगा एकोणिसाव्या वर्षी गोल मारायला लागतो, लोकांना ते दिसतं. मागे खेळणाऱ्याला चुका करूनच शिकावं लागतं आणि त्याची प्रत्येक चूक आपल्याच जाळ्यात जाते. म्हणून ज्या संघाला या वर्षी कप हवा, त्याने असल्या पोरासाठी तयार माल देऊ नये. ज्याला दोन-तीन वर्षं थांबता येतं, त्याने जरूर द्यावा.

आता हे ह्यूजच्या सौद्याला लावून बघा. ह्यूज २०२४ चा नॉरिस विजेता, म्हणजे त्या मोसमातला लीगचा सर्वोत्तम डिफेन्समन. मिनेसोटाला तो आत्ता हवा होता. व्हँकूव्हरला ठाऊक होतं की त्याचा करार २०२७ च्या उन्हाळ्यात संपणार आणि मग तो मोकळा. म्हैस दीड वर्षाने दावं सोडून जाणार असेल तर तिची किंमत दुधावर करायची की दाव्यावर? मी हे विचारलं तेव्हा मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि ‘तू जहाजावर होतास, तुला गुरांतलं काय कळतंय’ म्हणाले. उत्तर काही दिलं नाही.

मालकी आणि हक्क यांत लोक फार गोंधळतात. अॅडम फॉक्सचं उदाहरण यासाठी पाठ करून ठेवा. २०१६ मध्ये कॅलगरीने त्याला सहासष्टावा निवडला. तो हार्वर्डला शिकत खेळत राहिला. २०१८ मध्ये त्याचे हक्क कॅरोलायनाकडे गेले, आणि एप्रिल २०१९ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सनी ते दुसऱ्या फेरीतली एक निवड आणि तिसऱ्या फेरीतली अटीची एक निवड देऊन घेतले. २०२१ मध्ये त्याला नॉरिस मिळाली. भाचा दर वेळी म्हणतो, कॅरोलायना फसली. मी म्हणतो, पोराला न्यूयॉर्कातच सही करायची होती. कॅरोलायनाने विकला तो सही न करणारा फॉक्स, आणि त्याचा तेवढाच भाव असतो. दुसऱ्याच्या नावावर सातबारा असलेल्या बागेचा मोहोर कितीही लदबदलेला असो.

कागद बघा

इथे मी हरलो, म्हणून इथे जरा रेंगाळणार आहे.

१५ जून २०१७. मॉन्ट्रियलने मिखाइल सर्गाचेव टॅम्पा बेला दिला आणि जोनाथन ड्रुआं घेतला. बाकी अटीच्या निवडी इकडून तिकडे होत्या, त्या सोडा. सर्गाचेव तेव्हा अठरा वर्षांचा, २०१६ चा नववा. ड्रुआं बावीसचा, २०१३ चा तिसरा, आणि क्वेबेकचाच पोर, फ्रेंच बोलणारा. मला आनंद झाला. गावचा पोरगा गावच्या संघात आला की जसा होतो तसा. बर्फवाला तेव्हा हा खेळ नुकता बघायला लागला होता. त्याने एकच विचारलं, ‘कोणाला पगार किती?’ मी त्याला म्हटलं, तू बर्फ तोड. मग पैज लागली: सौदा मॉन्ट्रियलच्या अंगावर आला तर दर मे महिन्यात मी त्याला हापूसची एक पेटी द्यायची.

आता पगार बघा. मॉन्ट्रियलने ड्रुआंला सहा वर्षांचा करार दिला, वर्षाला ५५ लाख डॉलर. सर्गाचेव पहिल्या करारावर, जो या लीगमध्ये कोवळ्या पोरांना तीन वर्षांचा मिळतो. त्याचा मूळ पगार तेव्हा वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत. आणि त्यातली गंमत अशी की अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा मोसमात लीगचे दहा सामने खेळला नाही तर त्याच्या कराराचं वर्ष खर्ची पडत नाही, पुढे सरकतं. मॉन्ट्रियलने त्याला आदल्या मोसमात चार सामने खेळवून परत विंडसरच्या ज्युनियर संघात पाठवलं होतं. म्हणजे स्वस्ताईची तिन्ही वर्षं शाबूत ठेवून त्यांनी तो टॅम्पाला दिला. झाडाला खत आम्ही घातलं.

या लीगमध्ये पगाराला छत असतं. २०२५-२६ साठी ते प्रत्येक संघाला ९ कोटी ५५ लाख डॉलर होतं, २०१७ मध्ये बरंच कमी होतं. त्या छताखाली वर्षाला साडेचार लाख नव्हे, पंचेचाळीस लाख डॉलर मोकळे राहणं म्हणजे दुसरा एक चांगला खेळाडू. तेव्हा टॅम्पाला सर्गाचेव मिळाला आणि शिवाय तो दुसरा खेळाडू घेण्याची ऐपत मिळाली. सौद्याच्या कागदावर हा तिसरा माल कुठेच लिहिलेला नसतो. बर्फवाल्याने तो पाहिला होता, कारण रोज टनाचा हिशेब करणाऱ्या माणसाला पाणी किती नि वीज किती हे आधी सुचतं.

सर्गाचेवने पहिल्याच मोसमात ७९ सामन्यांत ४० गुण (स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलाला दिलेले पास मिळून) केले. टॅम्पाने २०२० मध्ये कप उचलला, म्हणजे बरोबर त्या स्वस्त कराराच्या तिसऱ्या वर्षी, आणि २०२१ मध्ये पुन्हा. ड्रुआं मॉन्ट्रियलमध्ये एकाही मोसमात वीस गोलांपर्यंत पोचला नाही. मी पेटी द्यायला लागलो. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने माझी सोळा कलमं मुळासकट आडवी केली. त्या सप्टेंबरात सर्गाचेव कप डोक्यावर घेऊन फिरत होता आणि मी अजून फांद्या तोडत होतो. पुढच्या मेमध्ये बर्फवाला स्वतःहून म्हणाला, यंदा राहू दे. मी तरी दोन डझन नेऊन दिले.

तेव्हा वाद घालताना मुलाचं नाव घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. पहिल्या कराराची किती वर्षं उरली? समोरून येणाऱ्याला किती वर्षांचा, किती रकमेचा करार द्यावा लागणार? आणि तो मोकळा कधी होणार? एवढं कळलं की अर्धा वाद मिटतो. उरलेला अर्धा मिटत नाही, त्यासाठी चहा असतो.

कागदाचं आणखी एक जुनं दुखणं सांगतो आणि हा विषय सोडतो. जून २००९ मध्ये याच मॉन्ट्रियलने स्कॉट गोमेझ हवा म्हणून रेंजर्सना पोरं दिली, त्यांत रायन मॅकडोना होता, २००७ चा बारावा, तोवर लीगचा एकही सामना न खेळलेला. गोमेझचा करार वर्षाला ७३ लाख डॉलरच्या वर. मॅकडोना पुढे रेंजर्सचा कप्तान झाला. मोठ्या नावासाठी सौदा करताना बाजूला ‘आणि एक पोरगा’ असं लिहिलेलं असतं, त्या पोरग्याकडे नीट बघा.

आता मुलगा बघा, पण गुण सोडून

बंदरात मासळी घेणारी बाई पापलेटाचा आकार बघत नाही, कल्ला उघडून बघते. डिफेन्समनचा कल्ला म्हणजे स्वतःच्या गोलामागचा कोपरा.

सामन्याचे निवडक तुकडे बघू नका. त्यात पोरगा फक्त गोल मारताना दिसतो. पूर्ण सामना लावा, पक (चेंडूच्या जागी असलेली रबरी चकती) विसरा, आणि त्या एकट्याकडे बघत बसा. पक त्याच्या मागच्या कोपऱ्यात गेला, तो उलटा फिरून आणायला निघाला, आणि पाठीवर दोन जण येतायत. पकपर्यंत पोचायच्या आधी तो खांद्यावरून मागे बघतो का? दोनदा बघणारा मिळाला तर वहीत नाव लिहा. न बघता जाणारा पोरगा ज्युनियरमध्ये चालून जातो, कारण तिथे पाठीवर येणारा हळू असतो.

मग पहिला पास. दाबाखाली तो पक आपल्या माणसाच्या काठीवर देतो की काचेवर आपटून बाहेर काढतो? काचेवर मारणं पाप नव्हे, कधी कधी तोच शहाणपणा असतो, पण दहातले नऊ वेळा मारत असेल तर पुढे त्याच्याबरोबरचे तिघं उपाशी राहतात.

तिसरं, अंतर. समोरचा पक घेऊन निळ्या रेषेवर येतो तेव्हा आपला पोरगा मागे मागे सरकतोय का? हे मी भाच्याला कबड्डीने समजावलं. तो शाळेत डावा कोपरा खेळायचा. त्याच्या सरांनी त्याला काय शिकवलं होतं? चढाईवाल्याच्या हाताकडे बघू नको, कमरेकडे बघ. हात फसवतो, कंबर फसवत नाही. इथेही तेच: पकवर डोळे लावणारा डिफेन्समन फसतो, छातीवर नजर ठेवणारा उभा राहतो. आणि फार मागे गेलेला कोपरा जसा बोनस फुकट देतो तसा मागे सरकणारा डिफेन्समन समोरच्याला गोलासमोर फुकट जागा देतो. भाच्याला हे एका वाक्यात कळलं. त्याआधी मी त्याला महिनाभर कागदावर रेघा मारून दाखवत होतो.

गुणांबद्दल एवढंच: किती गुण हे विचारू नका, किती गुण पॉवर प्लेवर हे विचारा. समोरचा एक माणूस शिक्षेच्या बाकावर असताना पास देणारे पुष्कळ असतात. आणि प्लस-मायनस नावाचा आकडा (तो बर्फावर असताना संघाने केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा) कुणी तोंडावर फेकला तर आधी विचारा की त्याचा जोडीदार कोण होता. डिफेन्समन जोडीने खेळतात. जाणत्याच्या शेजारी बसून मीही इंजिन रूममध्ये हुशार दिसायचो.

उंचीवरून वाद घालू नका, तो काळ गेला. ह्यूज पाच फूट दहा इंचांचा आहे. कोणत्या हाताने खेळतो ते मात्र बघा. उजव्या हाताचे डिफेन्समन कमी असतात, त्यामुळे त्यांना भाव जास्त पडतो, आणि कधी कधी नको इतका जास्त पडतो.

घाईने वर आणलेल्या पोरापासून सावध. आमच्याकडे मोहोर लवकर यावा म्हणून कलमांना कल्टार घालतात. मी एका वर्षी हव्यासाने डोस वाढवला. फेब्रुवारीच्या अखेरीला फळ हातात आलं, भाव उत्तम लागला, आणि पुढची दोन वर्षं त्या कलमांनी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. एकोणिसाव्या वर्षी रोज बावीस मिनिटं बर्फावर उभा केलेला पोरगा दिसला की मला ती कलमं आठवतात.

तुलनेला बंदी

आमच्याकडे नियम आहे. ‘हा पुढचा लिड्स्ट्रम’ म्हणणाऱ्याने सगळ्यांचा चहा द्यायचा. निकलास लिड्स्ट्रम १९८९ मध्ये त्रेपन्नावा निवडला गेला आणि त्याने सात वेळा नॉरिस जिंकली, म्हणून प्रत्येक त्रेपन्नावा पोर लिड्स्ट्रम होत नाही. लोकांना रुजलेली रोपं आठवतात. मेलेली कुणी मोजत नाही.

म्हणून मी न रुजलेलं एक नाव पाठ केलंय. ग्रिफिन राइनहार्ट. २०१२ चा चौथा, धिप्पाड, डिफेन्समन. जून २०१५ मध्ये एडमंटनने त्याच्यासाठी न्यूयॉर्क आयलंडर्सना सोळावी आणि तेहतिसावी निवड दिली. सोळाव्या निवडीवर आयलंडर्सनी मॅथ्यू बार्झल घेतला, तो २०१८ चा सर्वोत्तम नवखा ठरला. राइनहार्ट एडमंटनसाठी २९ सामने खेळला. आणि लगेच पुढच्या वर्षी, २९ जून २०१६ ला, त्याच एडमंटनने टेलर हॉल देऊन अॅडम लार्सन घेतला. एकास एक. हॉल २०१८ मध्ये ९३ गुण करून लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू झाला.

पण इथे थांबू नका, नाहीतर भाच्यासारखं एकांगी बोलाल. लार्सन वाईट नव्हता. पाच मोसम तो तिथे इमानाने मागे उभा राहिला. त्याचा दोष इतकाच की त्याच्यासाठी फार दिलं. आणि सौदा दोन्हीकडे बरा होऊ शकतो हेही खरं: जानेवारी २०१६ मध्ये नॅशव्हिलने एकवीस वर्षांचा सेथ जोन्स कोलंबसला देऊन रायन योहान्सन घेतला. जोन्स कोलंबसचा आधार झाला आणि योहान्सन पुढच्याच मोसमात नॅशव्हिलबरोबर अंतिम फेरीच्या वाटेवर होता. एकाकडे डिफेन्समन जास्त, दुसऱ्याकडे मधला खेळाडू जास्त. आमच्याकडे नारळ देऊन तांदूळ घ्यायचे तसं.

भांडणाची व्यवस्था

तीन मोसम निकाल नाही, हे आधीच कबूल करून घ्या. पहिल्या महिन्यात पोरगा चमकला म्हणून नाचणाऱ्याला आणि पहिल्या चुकीवर शिव्या देणाऱ्याला, दोघांना गप्प करायला हा एक नियम पुरतो. आमचा निकालाचा दिवस कारखान्याच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेला आहे. ओल लागून तो पुसतो, बर्फवाला परत लिहितो.

आपल्या संघाचा माणूस बाजूला ठेवा. मी मॉन्ट्रियलचा असल्यामुळे सर्गाचेववर माझी मती चालली नाही. मास्तरांची ह्यूजवर चालत नाही. म्हणून ज्याचा संघ सौद्यात आहे त्याने आधी समोरच्या संघाची बाजू मांडायची. मास्तरांना आम्ही मिनेसोटाचे वकील केलं. दहा मिनिटं ते इतकं छान बोलले की शेवटी स्वतःच म्हणाले, ‘मग मी सुद्धा घेतला असता ह्यूजला.’ आणि लगेच, ‘पण दिला नसता!’

पैज रोकड्याची लावू नका. रोकड्याची पैज दोन दिवसांत फिटते आणि माणूस विसरतो. पेटीची पैज दर वर्षी मोहोर आला की आठवते. बुइयमवर मास्तर आणि मी लावली आहे. तिसऱ्या मोसमाअखेर तो व्हँकूव्हरच्या पहिल्या जोडीत असेल, असं मी म्हणतो. नसेल, असं मास्तर म्हणतात, आणि व्हँकूव्हरचा माणूस असून त्यांना ही पैज जिंकायची आहे याचं त्यांना काही वाटत नाही. ते हरले तर त्यांच्या परसातला फणस माझा, बरका नाही, कापा.

पेटी देताना अढीतला तयार आंबा द्यायचा, हिरवा देऊन ‘आठ दिवसांनी खा’ म्हणायचं नाही, हेही ठरवून घ्या. आणि जिंकणाऱ्याने रिकामी पेटी परत द्यायची. बर्फवाला दर वर्षी ती कोयी भरून परत पाठवतो, कलमं बांध म्हणतो. त्याला कितीदा सांगितलं, कलमाला रायवळाच्या कोयी लागतात.